आज कंडक्टर, उद्या पोलीस

आम्ही तुमच्या भागातल्या बचत गटांच्या सहयोगिनी बोलतोय. मागच्या वेळी आपण हप्त्यांच्या हिशेबावर बोललो होतो. आजही सुरुवात कर्जाच्या एका अर्जावरूनच करणार आहोत, पण पुढं बरंच मागं जायचंय, पावणेदोनशे वर्षं. हातात निवडायला काही असेल तर निवडत निवडत ऐका.

अर्ज होता ३०,००० रुपयांचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीचे कार्य'. मुलगी १५ वर्षांची, नुकतीच दहावी झालेली.

ही पोर आम्हाला तिच्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे. आईचा पदर धरून सभेला यायची आणि सतरंजीच्या कडेला बसायची. बाया सह्या करेपर्यंत वेळ जायचा, म्हणून आम्ही तिला विचारायचो, "मोठी झाल्यावर कोण होणार गं?" पहिल्यांदा म्हणाली, कासारीण. का, तर तिची आजी घरात कुणाचं ऐकत नाही, पण कासारीण आली की मुकाट्यानं दोन्ही हात पुढं करून बसते. दुसरी-तिसरीत गेल्यावर तिला एस.टी.ची कंडक्टर व्हायचं होतं. एका बाईनं दोरी ओढली की एवढी मोठी गाडी जागच्या जागी थांबते, हे तिनं तालुक्याला जाताना पाहिलं होतं. मग काही दिवस तिला गटाची सचिव व्हायचं होतं, कारण कुलपाच्या पेटीची किल्ली सचिवाच्या गळ्यात असते. २०२० साली कोरोनात आशाताई बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघत घरोघर फिरत होत्या, तेव्हा हिनं चुलतभावंडांच्या बोटांना कपड्याचे चिमटे लावून दवाखाना मांडला होता. तेराव्या वर्षी पोलीस. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीच्या तयारीला पळणाऱ्या मुली दिसायच्या, त्यांच्यामागं ही चपला हातात घेऊन पळायची.

आणि आता पंधराव्या वर्षी अर्ज. आई म्हणाली, "ताई, हिचं एक काय ते ठरत न्हाई. आज हे, उद्या ते. एखादीगत एकच धरून बसली असती, तर आम्ही बी पोटाला चिमटा काढून शिकवली असती. हिच्या बोलण्याला काय धर हाय? स्थळ चांगलं चालून आलंय. विहिरीला पाणी हाय त्यांच्या."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर क्षणभर आम्हालाही ते पटलं. ज्या पोरीचं ठरलंय तिला शिकवावं, जिचं ठरत नाही तिचं लगीन लावावं, असा हा हिशेब. पण मुलांचं 'कोण होणार' हे बदलतच असतं. शेजारच्या मुलाचंही बदलतं. तो आधी ट्रॅक्टर चालवणार होता, मग क्रिकेट खेळणार होता, आता मोबाईलचं दुकान टाकणार म्हणतो. त्याचं कुणी लगीन काढलं नाही. घरी येताना आम्ही याच्यावरच बोलत होतो. पोरीला आपलं मन बदलायला वेळ मिळतोय, हे कधीपासून सुरू झालं? त्यावर आम्ही जे वाचलं, ते आज सांगतो.

आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या नावांपासून सुरू करू. सावित्रीबाई फुल्यांचं लग्न १८४० साली झालं, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई लग्नाच्या वेळी अकरा वर्षांच्या. मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर नऊ वर्षांच्या. आनंदीबाई जोशीही नऊच. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना, रमाबाईंचंही यमुनाच. दोन यमुना बोहल्यावर चढल्या आणि दोन वेगळी नावं घेऊन उतरल्या. नावसुद्धा स्वतःचं राहिलं नाही, तिथं 'मोठेपणी कोण होणार' हे त्यांना विचारायचं कुणाला सुचणार? मोठेपण नवव्या वर्षीच येऊन उभं राहिलेलं असायचं. पोरींचे खेळ आठवून बघा. भातुकली, बाहुलीचं लग्न. भोंडल्याची गाणी तर सगळी सासू-सासऱ्यांची, नणंदेची आणि माहेरच्या वाटेची. आपण ती हौसेनं म्हणतो, आम्हीही म्हणतो. पण सात-आठ वर्षांच्या पोरीनं सासुरवासाची गाणी फेर धरून पाठ करायची, म्हणजे तिचं पुढचं सगळं आयुष्य तिच्या तोंडात आधीच घालून ठेवलेलं असायचं.

आनंदीबाईंची गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका पानात संपते. कल्याणची मुलगी, अमेरिकेला गेली, डॉक्टर झाली. आम्हालाही तेवढीच ठाऊक होती. नीट वाचल्यावर कळलं, की डॉक्टर व्हायचं हे तिचं लहानपणीचं स्वप्न नव्हतं. जन्म १८६५ सालचा. नवऱ्याचं नाव गोपाळराव, पोस्टात कारकून, बिजवर, वयानं कितीतरी मोठे. बायकोनं शिकलंच पाहिजे हे खूळ त्यांचं, आणि त्यासाठी ते तिला मारायचेही. त्या काळी बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून मार खाणाऱ्या बाया होत्या. ही पुस्तक खाली ठेवलं म्हणून मार खाणारी. हे गोड करून सांगायची पद्धत आहे, आम्हाला ती आवडत नाही.

तिचं स्वतःचं असं काही ठरलं ते चौदाव्या वर्षी. तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि बाळाला बघायला बाई डॉक्टर नव्हती, आणि पुरुष डॉक्टरपुढं जायची चाल नव्हती. तिथून तिनं डॉक्टरकीचं धरलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत ती सतरा वर्षांची मुलगी इंग्रजीत बोलली. आपल्या देशात हिंदू बाई डॉक्टर हवी आहे आणि ते काम मी अंगावर घेते, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. एप्रिलमध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीत बसली. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून पदवी मिळाली. प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. पण परत आली ती क्षयानं पोखरलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. २२ वर्षं पुरी व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरच्या त्या बायकांनी वाट बघितली असेल का, हे आमच्या मनात सारखं येतं.

तिचं चरित्र मराठीत लिहिलं ते काशीबाई कानिटकरांनी. म्हणजे नवव्या वर्षी लग्न झालेल्या एकीचं दुसऱ्या तसल्याच एकीनं लिहिलं.

आनंदीबाईंना जेमतेम सात-आठ वर्षं मिळाली. रखमाबाईंना जास्त मिळाली, आणि ती कशी मिळाली ते सांगण्यासारखं आहे. त्याही तशाच, आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनी मोठ्या, मुंबईच्या, सुतार समाजातल्या. लग्न अकराव्या वर्षी झालं. पण त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई लहान वयात विधवा झाल्या होत्या, पुढं त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. या सावत्र बापानं पोरीला घरी ठेवून घेतलं. अकरा ते वीस, अशी नऊ वर्षं ही मुलगी घरात पुस्तकं वाचत राहिली. ती बसून काय करते, असं शेजाऱ्यांनी विचारलं असेलच. बाहेरून बघणाऱ्याला ती काहीच करत नव्हती.

१८८४ साली नवऱ्यानं कोर्टात दावा लावला, बायको नांदायला पाठवा म्हणून. त्या म्हणाल्या, मला विचारून हे लग्न झालेलं नाही, मी जाणार नाही. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पुढं १८८७ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. सगळ्या देशभर गाजलं ते प्रकरण. विरोधात कोण होते, तर लोकमान्य टिळकांचा 'केसरी'सुद्धा होता. मोठी माणसं प्रत्येक बाबतीत मोठी असतात असं नाही. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि तुरुंग टळला. खटला चालू असताना रखमाबाईंनी 'हिंदू बाई' अशा टोपणनावानं वर्तमानपत्राला पत्रं लिहिली होती. लहानपणीच्या लग्नानं शिकण्याची वाट कशी बंद होते, हे त्यांनी त्यात मांडलं.

मग त्या कोण झाल्या? १८८९ मध्ये लंडनला बायकांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यांत तीसहून जास्त वर्षं काम केलं. १९५५ साली नव्वदीत वारल्या. त्यांना या वाटेवर आणणाऱ्यांत मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या एडिथ पीची नावाच्या डॉक्टरबाई होत्या. आमच्या पोरीला जशी दोरी ओढणारी कंडक्टर दिसली, तशी रखमाबाईंना डॉक्टरकी करणारी बाई समोर दिसली. पण ती दिसेपर्यंत त्या माहेरी राहू शकल्या, हे आधी झालं.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी शहरातली, शिकल्या घरची. खरं आहे. आपल्या आज्या-पणज्यांना लग्नाआधीही कुठं रिकामपण होतं? कडेवर धाकटं भावंडं, हातात शेळीची दोरी. पण १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, आणि पुढं मांग-महारांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. तिथं मुक्ता साळवे नावाची मांगाची मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिच्या वयाच्या बाकीच्या मुली तेव्हा दोन लेकरांच्या आया होण्याच्या बेतात होत्या. तीन वर्षांची शाळा मिळाली, तर एवढं लिहून झालं.

शाळा लांब असेल तर ती शेळ्यांच्या मागं न्यायची, हेही आपल्याकडं झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि मग कोसबाडला आदिवासी पोरांसाठी हे केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, म्हणून कुरणातच शाळा भरवली. अंगणातल्या बालवाडीला त्यांनी 'अंगणवाडी' म्हटलं, तेच नाव आज आपल्या गावोगाव आहे. या अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं, आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या.

आता कायद्याकडं येऊ. हा भाग जरा रुक्ष आहे, पण आकडे बोटांवर मोजत ऐका. १८९० साली बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. त्याआधीपासून बेहरामजी मलबारी नावाचे पारशी गृहस्थ या विषयावर लिहीत होते. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला. लग्नाचं वय त्यात नव्हतंच. नवऱ्यानं बायकोजवळ जायचं वय तेवढं दहाचं बारा केलं. एवढ्यावरूनही पुण्यात केवढा गदारोळ झाला! लग्नाचं वय ठरायला पुढची अडतीस वर्षं लागली. १९२८ मध्ये एक चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले वऱ्हाडाकडचे मोरोपंत जोशी होते. त्यांनी देशभर फिरून बाया-माणसांच्या साक्षी घेतल्या. १९२९ साली अजमेरच्या हरविलास सारडा यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. कायदा लागू व्हायची तारीख १ एप्रिल १९३०. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी काय केलं, तर घाईघाईनं पाळण्यातल्या पोरींचीसुद्धा लग्नं उरकून घेतली.

पुढं १९४९ ला मुलीचं वय पंधरा झालं, आणि १९७८ ला अठरा. १९७८ म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही. आमच्यातल्या बऱ्याचजणींच्या आयांची लग्नं त्याच्या आसपास झाली. गटातल्या साठीच्या आक्कांना आम्ही विचारलं, "तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं?" एक आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला फराक घालून यष्टीत खिडकीजवळ बसायचं होतं. तेराव्या वर्षी लुगडं नेसवलं. यष्टीत बसले, पण सासरी जाताना." सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या.

नऊ, मग चौदा, पंधरा, अठरा. म्हणजे एका पोरीच्या पदरात नऊ वर्षं जास्तीची पडली, आणि ती पडायला शंभराच्या वर वर्षं गेली. आमच्या पोरीचं कासारीण ते पोलीस हे सगळं या वाढलेल्या वर्षांतच बसलंय. आनंदीबाईंच्या काळात तिची कंडक्टर होण्याआधीच वरात निघाली असती. आणि ती जे जे व्हायचं म्हणाली, ते एकेक बघा. त्यातलं बरंचसं तिच्या आजीच्या लहानपणी गावात नव्हतंच. अंगणवाडी १९७५ नंतरची, आशाताई २००५ नंतरच्या, आपले बचत गट त्याच्या मागचे-पुढचे. पंचायतीत बायांना राखीव जागा १९९० च्या दशकातल्या, त्यांचं निम्मं प्रमाण तर २०११ पासूनचं. पोर रोज नवीन बोलते, कारण तिला रोज नवीन बाई काम करताना दिसते.

आता एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटात असाच अर्ज आला होता. मुलीचं वय आम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येणार, ते आम्हाला माहीत होतं. वहीत कारण 'घरखर्च' असं आमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. कर्ज वेळेवर फिटलं, वसुली शंभर टक्के, आम्ही तो गट चांगला म्हणून अहवालात दाखवला. ती मुलगी एकोणिसाव्या वर्षी दोन पोरं घेऊन माहेरी आली. मागच्या महिन्यात ती आईऐवजी सभेला आली, तेव्हा आम्ही तिला काहीच विचारू शकलो नाही.

म्हणून या वेळी वही मिटली आणि सरळ बोललो. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगितला. लग्न लावणारे, ठरवणारे, त्यात मदत करणारे सगळे त्यात येतात, दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवकच, आणि १०९८ हा फोन नंबर पोरीलाही पाठ हवा. हेही सांगितलं, की २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या १०० बायांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या सतरंजीवर मोजलं, तरी तेवढ्या निघाल्या.

आईला राग आला. ती म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय ताई? कॉलेज तालुक्याला. येताना यष्टी चुकली तर अंधार हुतो. वाटेत काय झालं तर तोंड कुणाला दावायचं?" हे तिचं खरं आहे, त्याला आमच्याकडं इतिहासातलं उत्तर नाही. पण बायांनीच बोलून काढलं. मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. गटातल्या आणखी दोघींच्या पोरी त्याच गाडीनं जातात. आणि एका काकूंचा मुलगा संध्याकाळी डेअरीचं दूध घेऊन फाट्यावर असतोच, तो पोरी उतरेपर्यंत थांबेल.

अर्ज त्या दिवशी मंजूर झाला नाही आणि नामंजूरही झाला नाही. इतिवृत्तात 'पुढच्या सभेत' असं लिहिलं. पुढच्या सभेच्या आधी आम्ही दोनदा त्यांच्या घरी गेलो. एकदा आजीनं चहा दिला, एकदा दिला नाही. तिसऱ्या खेपेला कळलं, आईनं अर्ज मागं घेतलाय. स्थळाला 'नाही' म्हटलेलं नाही, 'अठरा पुरी होऊ द्या' असं कळवलंय. त्यांचं काही उत्तर आलेलं नाही.

अकरावीला पोरीनं कॉमर्स घेतलंय. पोलिसांचं काय झालं, म्हणून आम्ही विचारलं. म्हणाली, ते मागं पडलं. मार्चमध्ये गटाचं ऑडिट झालं, तेव्हा ती आईबरोबर आली होती. साहेब आले तशा सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चहात साखर दोन चमचे जास्त पडली, हे तिनं बघून ठेवलंय. सध्या तिला ऑडिटर व्हायचंय.